धाकट्या आजोबांच्या ट्रंकेतला तारा

प्रश्न (पेडणे):
घर शाकारताना माळ्यावर आमच्या धाकट्या आजोबांची पत्र्याची ट्रंक सापडली आणि तिच्यात सहा टोकांचा, पितळेसारखा दिसणारा एक तारा मिळाला. फीत विटली आहे, तरी तांबडा, पांढरा, हिरवा, पांढरा, तांबडा असे पाच सारखे पट्टे ओळखता येतात. ते लढाईवर होते, एवढेच घरात सर्वांना ठाऊक आहे. गोवा तेव्हा पोर्तुगालचा आणि पोर्तुगाल तर दुसऱ्या महायुद्धात तटस्थ होता. मग ते कोणत्या फौजेत गेले असतील? आजी सांगत असे की त्यांची मनीऑर्डर सावंतवाडीला मामांच्या पत्त्यावर येई आणि मामा पैसे घेऊन चालत येत.

उत्तर (सावंतवाडी):
ही फीत इटलीच्या मोहिमेच्या ‘इटली स्टार’ची आहे, तिच्यात इटलीच्या झेंड्याचेच रंग घेतलेले आहेत. तारा कपड्याने हलकेच पुसून त्याची पाठ उजेडात तिरपी धरून पाहा. ब्रिटिश सैनिकांना हे तारे कोरेच मिळाले, मात्र भारतीय सैनिकांच्या ताऱ्यांवर क्रमांक, नाव आणि पलटण उमटवलेली असे. कृपया चिंच किंवा पॉलिश लावू नका, कारण अक्षरे झिजतात आणि तीच तुमचा खरा पुरावा आहेत.

उत्तर (फोंडा):
माझे आजोबा मराठा पलटणीतून इटलीत होते. १९४३च्या नोव्हेंबरात सांग्रो नदीला पूर आला होता, त्या चिखलात ओल्या बुटांनी दिवसेंदिवस काढावे लागले, हे त्यांनी आयुष्यात एकदाच आणि तेही मला शाळेचा निबंध लिहायचा होता म्हणून सांगितले. त्याच मोहिमेत, १० जुलै १९४४ रोजी, नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबा त्यांचे नाव उभे राहून घेत.

प्रश्नकर्ता (पेडणे):
आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. ताऱ्याच्या पाठीवर आकडे आणि ‘मराठा’ हा शब्द स्पष्ट वाचता आला. पौषातल्या थंडीत धाकटे आजोबा पायांची बोटे बधिर होतात म्हणून चुलीपाशी बसून खोबरेल चोळत, आणि आम्ही मुले ते म्हातारपणाचे दुखणे समजत होतो; फोंड्याचे उत्तर वाचल्यापासून ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अभिलेख कार्यालयाला हा क्रमांक देऊन अर्ज करणार आहे, आणि गाव म्हणून पेडण्याबरोबर मामांचे सावंतवाडीचे गावही लिहीन, कारण भरती होताना त्यांनी तेच सांगितले असावे.