फ्लॉवर कचऱ्यात, काका रुसलेत. मदत हवी आहे (इंदूर)

राजवाडा_कॉर्नर: घरात भाजीवरून रोज भांडण. काल चोइथराम मंडीतून आणलेला दोन किलो फ्लॉवर बायकोने सरळ कचऱ्यात टाकला. म्हणे, फवारलेला आहे. समोर काका, उभा जन्म शेतीशास्त्र शिकवण्यात गेलेला. म्हणाले, कीटकनाशकाचा अंश मर्यादेत असतो, धुऊन खा. ती म्हणाली, मर्यादा तुमची, पोट माझं. काका न जेवता उठले. बरोबर कोण? लवकर सांगा, संध्याकाळी ते परत येताहेत.

सुदामानगरी: फ्लॉवर धुतला होता का? की धुवायच्या आधीच फेकला? आणि भीती विषाची की अळ्यांची? मिठाच्या कोमट पाण्याने अळ्या निघतात, विष नव्हे.

रसायन_मास्तर: काका बरोबर. उंदरांना ज्या मात्रेत काही होत नाही, तिच्या साधारण शंभराव्या भागावर माणसाची रोजची मर्यादा ठरते. ज्या कीटकनाशकाला आपल्याकडे वेगळी मर्यादाच दिलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. लोकांना आकडे कळत नाहीत, हाच रोग.

माळवी_मिरची: मास्तर, १९८४ साली भोपाळच्या कारखान्यात कीटकनाशकच बनत होतं. आपल्यापासून तीन-चार तासांवर. ज्यांच्या घरी तिकडचे पाहुणे येऊन राहिले होते त्यांना शंभरावा भाग सांगू नका.

रसायन_मास्तर: तो वायू होता हो, फ्लॉवर नव्हता!

माळवी_मिरची: आणि यवतमाळ? २०१७ला फवारता फवारता शेतकरी गेले. खाणाऱ्याची चर्चा सगळे करतात, पाठीवर पंप घेणाऱ्याची कोण करतं?

गच्चीवरचा_पालक: मी गेली सहा वर्षं गच्चीवर भाजी लावतो. कुंड्या, शेणखत, कडुनिंबाचा अर्क. कोणाला रोपं हवी असतील तर कळवा.

आमरसप्रेमी: कार्बाइडने पिकवलेला आंबा कसा ओळखायचा?

सुदामानगरी: आमरसप्रेमी, वेगळा धागा काढा. कॉर्नर, माझ्या प्रश्नाचं उत्तर?

राजवाडा_कॉर्नर: धुतला नव्हता. ती आता धुऊनही खात नाही. आधी खायची. तिसरा महिना आहे ना, म्हणून.

सुदामानगरी: अहो!! हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं. काकांना माहीत आहे का?

राजवाडा_कॉर्नर: नाही, अजून कोणालाच सांगितलं नाही.

पुस्तकी_किडा: मास्तर, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांचा १९८७चा लेख वाचा. तीस धोक्यांची क्रमवारी लावायला सांगितली होती. अणुवीज तिकडच्या महिला मतदार संघटनेच्या सभासदांनी पहिली लावली, तज्ज्ञांनी विसावी. इथवर तुमचं खरं. पण कीटकनाशकं? सभासद नववी, तज्ज्ञ आठवी! कॉलेजची पोरं मात्र चौथी. तज्ज्ञ मुख्यतः वर्षाला माणसं किती मरतात ते बघतात. बाकीचे बघतात की धोका मी स्वतः पत्करला का, तो दिसतो का, पुढच्या पिढीवर जातो का. वहिनींच्या बाबतीत तिन्ही एकदम आले.

रसायन_मास्तर: ठीक. पण मग रात्री खिडक्या बंद करून डासांची कॉइल लावता का, तेही विचारा. त्यातही कीटकनाशकच असतं.

राजवाडा_कॉर्नर: … लावतो. तीच लावते. डेंग्यूची भीती.

माळवी_मिरची: स्वतः लावलेलं विष कोणाला घाबरवत नाही. मास्तर, हा मुद्दा तुम्हाला दिला.

सुदामानगरी: भरपूर धुवा, सोलता येतं ते सोला. झाडाच्या आत मुरलेलं धुऊन निघत नाही, हेही खरं. खाण्याचं डॉक्टरांना विचारा, पण भाजी बंद करू नका. मच्छरदाणी आणा.

राजवाडा_कॉर्नर: मच्छरदाणी आणली. काकांना तिनेच बातमी सांगितली, ते पेढे घेऊन आले आणि फ्लॉवरचं नावही काढलं नाही. तिला आता गिलकी हवी आहे, पण सोलूनच. मटार दाणे काढून चालतात ना?