वॉव क्लासिक (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक) या ऑनलाइन गेममध्ये टेलरिंगचं किट, म्हणजे शिवणकामाचं स्किल वाढवायला लागणारा माल एकत्र विकायचाय, कसं करू?

लिनन, वूल, सिल्क, मेजवीव्ह, रूनक्लॉथ असं स्किल 1 ते 300 पर्यंत न्यायला लागणारं सगळं कापड एकत्र द्यायचा विचार आहे, पण ऑक्शन हाऊसवर (गेममधल्या लिलाव बाजारात) असं बंडल लावता येत नाही, मग ट्रेड चॅटवरच ओरडत बसायचं का?

— चॅटवर गिऱ्हाईक शोध आणि सीओडी (कॅश ऑन डिलिव्हरी) मेल कर भावा, समोरच्याने गोल्ड भरल्याशिवाय माल सुटत नाही आणि ऑक्शन हाऊसचा 5 टक्के कटही वाचतो. दोरा, डाय पण टाक, व्हेंडरकडे (गेममधल्या दुकानदाराकडे) मिळतं तरी लोक सोयीचेच पैसे देतात.

— अख्खं किट नवीन माणसाला परवडत नाही रे, 1 ते 150 वेगळं विक. आणि कापड थोडं जास्तच दे, स्किल वाढून रेसिपी सोपी झाली, म्हणजे यादीत पिवळी-हिरवी दिसायला लागली की दर वेळी स्किल वाढत नाही, मधेच माल संपला तर गिऱ्हाईक परत तुझ्याकडे येणार नाही.