युद्धशास्त्राचे जुने ग्रंथ आज कसे वाचावेत?

अथांग:
प्राचीन चिनी युद्धग्रंथकार सुन त्झूची तेरा प्रकरणं एका बैठकीत संपतात आणि हाती सुविचार उरतात. प्रशियाचा सेनाधिकारी क्लाउझविट्झ याच्या युद्धावरच्या ग्रंथाचं पहिलंच प्रकरण दमवतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात प्रत्यक्ष युद्ध येतं ते दहाव्या अधिकरणात (खंडात). सैन्याशी संबंध नसलेल्या वाचकाने कोणता क्रम धरावा? व्यवस्थापनाचे धडे नकोत, युद्ध समजून घ्यायचंय.

रसदमार्ग:
सुन त्झूची प्रकरणं जोड्या लावून वाचा. शत्रूला आणि स्वतःला ओळखा, हे तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी येतं आणि बरेच जण तिथेच थांबतात. ओळखायचं कसं ते तेराव्यात आहे. ही माहिती देवाकडून किंवा आडाख्यांनी मिळत नाही, माणसांकडूनच मिळवावी लागते, असं सांगून तो हेरांचे पाच प्रकार मांडतो. त्यांत फितवलेला शत्रूचा हेर सर्वांत मोलाचा, कारण बाकीच्यांना कामाला लावता येतं ते त्याच्या आधारानेच.

दुसरं प्रकरण म्हणजे निव्वळ हिशेब आहे. एक लाखाचं सैन्य, हजार ली (अंतराचं चिनी माप) लांबून येणारी रसद, रोजचा खर्च हजार सुवर्ण. म्हणून शत्रूच्या मुलखातलं एक माप धान्य घरच्या वीस मापांच्या तोलाचं. लढाई लांबवू नका, हा सल्ला या आकड्यांतून निघतो. आकडे गाळले की तुम्ही म्हणता तसे सुविचारच उरणार. आवृत्ती टीकेसह, म्हणजे भाष्यासह घ्या. इ.स. २२० मध्ये वारलेल्या चिनी सेनानी त्साव त्सावची टीका मुद्दाम बघा, तो स्वतः सैन्य चालवणारा माणूस होता.

तोफखाना:
क्लाउझविट्झ १८३१ मध्ये वारला, ग्रंथ १८३२ पासून त्याच्या पत्नीने छापला. फेरलेखन अर्धवट राहिलेलं, त्यामुळे आठही खंड एका पातळीवरचे नाहीत. पहिल्या खंडाचं पहिलं प्रकरण मात्र त्याच्या मनासारखं उतरलेलं आहे. ते अठ्ठावीस छोट्या भागांचं आहे आणि अर्ध्यावर सोडलं तर घात होतो. सुरुवातीचे भाग टोकाच्या, केवळ कल्पनेतल्या युद्धाबद्दल आहेत. सहाव्या भागापासून तो प्रत्यक्षाकडे वळतो, आणि युद्ध म्हणजे राजकारणच वेगळ्या साधनांनी, हे चोविसाव्यात येतं. सुरुवातीची वाक्यं उचलून त्याला सर्वनाशाचा पुरस्कर्ता ठरवणारे मधला भाग वाचतच नाहीत.

त्यानंतर पहिल्या खंडाचं सातवं प्रकरण (घर्षण, म्हणजे प्रत्यक्ष युद्धात आड येणाऱ्या बारीकसारीक अडचणी), मग थेट आठवा खंड. पाचव्यातले तळ, छावण्या, कूच पहिल्या फेरीत सोडले तरी चालतात. सहावा लांबलचक आहे, पण बचाव हे लढाईचं अधिक बळकट रूप का, हे तिथेच कळतं. संक्षिप्त आवृत्ती घेताना सहावा-सातवा खंड आहे ना, ते अनुक्रमणिकेत तपासा.

षाड्गुण्य:
अर्थशास्त्र सहाव्या अधिकरणापासून उघडा. दोनच अध्याय आहेत, सात प्रकृती (राज्याची अंगं) आणि राजमंडल (शेजारी राजांचं वर्तुळ). मग सातवं, नववं, दहावं. सातव्यातल्या दुसऱ्या अध्यायात संधी (तह) आणि विग्रह (वैर, युद्ध) यांतून सारखाच लाभ होणार असेल तर संधी करावा, असं स्पष्ट म्हटलंय, कारण विग्रहात क्षय, व्यय, प्रवास आणि प्रत्यवाय (विघ्नं) येतात. मौर्यांच्या कारभाराची नोंदवही म्हणून मात्र वाचू नका. राजाने काय करावं हे सांगणारं हे शास्त्र आहे.

अथांग:
जोडीला एखादी मोहीम घ्यायची तर कोणती?

तोफखाना:
नेपोलियनची १८१२ ची रशियन स्वारी. क्लाउझविट्झ त्या वेळी रशियाच्या बाजूने होता. सोबत फ्रेंच अभियंता मिनारचा १८६९ चा आलेख ठेवा, सैन्य कसं घटत गेलं ते नकाशावर दाखवणारा. त्यात ४,२२,००० माणसं निघतात आणि मॉस्कोला १,००,००० पोचतात. काही तुकड्या वाटेत बाजूला ठेवल्या होत्या, तेवढी वजावट धरा. तरीही मोठी गळती थंडीच्या आधीची, जून ते सप्टेंबरमधली आहे. हे पाहून मग सातव्या खंडाचं पाचवं प्रकरण वाचा. चढाईचं बळ ज्या बिंदूपुढे ओसरतं, त्याची चर्चा तिथे आहे.

रसदमार्ग:
आणि त्याच नकाशावर सुन त्झूचं वीस मापांचं गणितही तपासा. मुलूख विरळ वस्तीचा, माघार घेणारं सैन्य साठे जाळत जाणारं, आणि जूनमध्ये घोड्यांना मिळालेला चारा हिरवा, कच्चा. शत्रूचं धान्य हाती लागेल हे गृहीतच तिथे कोसळलं. प्रत्येक नियमाशेजारी समासात तो कशावर उभा आहे ते लिहीत चला.