लोहाची गोळी आणि चहा

एका ताईंनी विचारलंय की सकाळच्या चहासोबत लोहाची गोळी घेऊनही हिमोग्लोबिन का वाढत नाही. चहाच तर आडवा येतोय! त्यातल्या टॅनिन या तुरट घटकामुळे लोह नीट शोषलं जात नाही. गोळी आणि चहा-कॉफीत तास-दोन तासांचं अंतर ठेवा, गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या. कॅल्शियमची गोळी दुसऱ्या वेळी, आणि थायरॉईडची असेल तर मध्ये चार तास हवेतच. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर दोन घास खाऊन घ्या. थोडं कमी शोषलं जाईल, पण गोळी बंद करण्यापेक्षा ते बरं. शौचाला काळसर होतं, त्याला घाबरू नका. डांबरासारखं चिकट असेल तर मात्र लगेच डॉक्टर गाठा. हिमोग्लोबिन वाढलं की गोळ्या सोडू नका, शरीरातला लोहाचा साठा भरायला पुढे साधारण तीन महिने लागतात. आणि हो, पाकीट लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, जिवावर बेतू शकतं.