हाती काम नसताना, तिकीट माफ असलेल्या दिवशी: तुमचे अनुभव

नोकरी सुटलेली असताना फुकट प्रवेशाच्या दिवशी लेणी, संग्रहालय असं काही पाहायला गेला होतात का? गर्दी कशी होती, काय पाहिलंत, सविस्तर लिहा. सुरुवात माझ्यापासून.

सिडकोहून

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यातून आमची अख्खी बॅच कमी केली, ते साल २०२२. सवयीने सकाळीच घराबाहेर पडायचो, पण जायचं कुठे हा प्रश्न असायचा. त्या वर्षी अमृतमहोत्सवानिमित्त ५ ते १५ ऑगस्ट पुरातत्त्व खात्याच्या सगळ्या स्मारकांना तिकीट माफ होतं. पगार बंद झाला की तिकिटाच्या पैशांचाही विचार होतो, म्हणून पांडवलेणी गाठली.

पायऱ्या पावसाने निसरड्या आणि त्यावर ही गर्दी! कडेवर पोरं घेतलेल्या बाया, कॉलेजची मुलं, गावाकडून आलेली कुटुंबं. दहा नंबरच्या लेण्यात तर उभं राहायला जागा नव्हती. तिथे एक आजोबा नातवाला व्हरांड्यातल्या भिंतीवरचा लेख समजावून देत होते. मीही कान दिला.

क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यातले २,००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. मी उभ्या उभ्या हिशेब केला. महिन्याला २०, वर्षाला २४०, वीस जणांत वाटले की बारा. बरोब्बर जुळला!

राजाच्या जावयाने एवढा पैसा विणकरांच्या भरवशावर ठेवला होता. आमच्यासारख्या हाताने काम करणाऱ्यांची अशी पत होती, हे कळून त्या दिवसांत मला फार बळ आलं. मागून लोक ‘चला पुढे, चला पुढे’ करत होते, तरी माझा पाय निघेना.

नाशिकरोडहून

मी खाजगी शाळेत शिकवायचे. लॉकडाऊनमध्ये पट घसरला आणि आम्हा काही जणींना घरी बसवलं. पुढे ८ मार्चला बायकांना तिकीट नाही असं कळलं, म्हणून मैत्रिणीबरोबर लेण्यांवर गेले. बचत गटाच्या बायका टेम्पो करून आल्या होत्या. तीन नंबरच्या लेण्यापुढे तुळया खांद्यावर तोलून धरलेले यक्ष आहेत ना, तिथे त्या थबकल्या. हे लेणं सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, गौतमी बलश्रीने दान दिलं, आणि लेखात ती स्वतःला राजाची आई नि राजाची आजी म्हणवते, एवढं मी सांगितलं. एक मावशी म्हणाल्या, ‘बाई, परत सांगा, मागच्यांना ऐकू आलं नाही.’ किती महिन्यांनी मला कोणी बाई म्हणालं होतं! मग वरचा आवाज लावून सगळं पुन्हा सांगितलं.

सातपूरहून

माझा अनुभव वेगळा. रेटारेटीत काहीच धड दिसलं नाही, मुलगी रडायला लागली, अर्ध्यातून उतरलो. नंतर आडवारी तिकीट काढून निवांत पाहिलं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना एरवीही तिकीट नसतं, हे लक्षात ठेवा. हातात काम नसेल तर आडवार आपलाच आहे, गर्दीचा दिवस कशाला धरायचा?

सिन्नरहून

सिडकोकर, नहपानाचा विषय काढलात म्हणून सांगतो. आमच्या तालुक्यात जोगलटेंभीला १९०६ साली त्याची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप उमटवलेला आहे. मी सध्या घरीच आहे. पुढच्या मोफत दिवशी कोणी दहा नंबरचं लेणं पाहायला निघणार असेल तर मलाही सांगा. तो व्याजाचा हिशेब मला तिथेच उभं राहून ऐकायचा आहे.