अडुसष्ट लिंगांच्या नकाशावर मोबाईलवरनं टच केलं की भलतंच पान उघडतंय, काय करू?

बाळीवेसकर:
नमस्कार मंडळी. आमच्या आजोबांनी हातानं काढलेला अडुसष्ट लिंगांचा नकाशा आहे, मोठ्या कार्डशीटवर, निळ्या शाईनं रस्ते, प्रत्येक लिंगाच्या जागी लाल गोल आणि बाजूला बारीक अक्षरात खुणा, कुठं पिंपळाखाली, कुठं विहिरीच्या काठाला असं. सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेली ही शिवलिंगं, यात्रेत यण्णीमज्जनाला, म्हणजे लिंगांना तेलाचा अभिषेक करायला, सातही नंदीध्वज निघतात ते सोलापुरात सगळ्यांना माहितीय, पण नेमकं कुठलं लिंग कुठल्या बोळात हे माझ्या वयाच्या पोरांना सांगता येत नाही. आजोबांना येतं. ते सांगतायत तोवर उतरवून घ्यावं म्हणून नकाशा स्कॅन करून वेबपेज करायला घेतलंय, गोलाला टच केलं की त्या लिंगाचा फोटो आणि माहिती उघडली पाहिजे.

एचटीएमएलचा मॅप टॅग वापरलाय, म्हणजे चित्राच्या वेगवेगळ्या भागांना लिंक देता येते, आत प्रत्येक लिंगाला एक एरिया टॅग, शेप सर्कल. चित्र १६०० बाय १२०० पिक्सेलचं, मॅक्स विड्थ १०० टक्के दिलीय. मोठ्या स्क्रीनवर एकदम बरोबर चालतंय. मोबाईलवर मात्र मधोमध सिद्धेश्वर मंदिरावर बोट ठेवलं की वरच्या डाव्या कोपऱ्यातलं लिंग उघडतंय, आणि कुठंही टच करा, त्या कोपऱ्यातली तीन-चारच लिंगं उघडतात, बाकीची उघडंनातच. तीन रात्री गेल्या यात. यात्रेच्या आधी व्हायला पाहिजे ओ.

चाटीगल्लीकर:
भावा आधी आजोबांना नमस्कार सांग. लई मोलाचं काम काढलंस.

तुझा कोड चुकलेला नाही, मॅप टॅगचा स्वभावच तसा आहे. एरियामधले कोऑर्डिनेट्स चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासनं पिक्सेलमध्ये मोजलेले असतात आणि चित्र लहान झालं तरी ते आकडे लहान होत नाहीत. आता बघ, मंदिर तुझ्या मूळ चित्रात समजा ८००, ६०० वर आहे. मोबाईलवर चित्र ३६० बाय २७० चं झालं तर मंदिर दिसतंय १८०, १३५ वर, तू तिथं बोट ठेवलंस की ब्राउझर जाऊन बघतो १८०, १३५ ला कुठला गोल आहे, आणि मूळ नकाशात तिथं तर तुझं कोपऱ्यातलं लिंग बसलंय, म्हणून तेच उघडतं. १२०० वरचा गोल तर ३६० च्या चित्राच्या बाहेरच गेला, तो कसा उघडणार. कॉम्प्युटरवर ब्राउझरची विंडो ओढून लहान कर, तिथं पण असंच सरकलेलं दिसेल. हा टॅग १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये पण होता, तेव्हा चित्र स्क्रीनप्रमाणं लहानमोठं होईल असा विचारच कुणी केलेला नव्हता.

माझं मत सरळ आहे, मॅप टॅग सोड आणि एसव्हीजी कर, म्हणजे कोडमध्ये लिहिलेलं, हवं तसं लहानमोठं होणारं चित्र. व्ह्यूबॉक्स, म्हणजे आतल्या मापांची चौकट, ० ० १६०० १२०० ठेव, आत स्कॅन केलेलं चित्र टाक, त्यावर प्रत्येक लिंगाला एक सर्कल आणि त्या सर्कलभोवती ए टॅगची लिंक. आकडे तुझे आहेत तेच चालतील, परत मोजायला नको. चित्र जेवढं लहान होईल तेवढे गोल पण आपोआप लहान होतात. नवीन गोल काढायचे असतील तर इंकस्केप फुकट मिळतं, चित्रावर बघून काढता येतात.

एक लक्षात ठेव, एसव्हीजीची फाईल इमेज टॅगमधनं लावू नको, मग चित्र दिसतं पण आतल्या लिंका मेलेल्या असतात. कोड पानातच पेस्ट करायचा.

होटगीरोड_वेब:
वरचं बरोबर आहे. पण घाई असेल आणि मॅप टॅगच ठेवायचा असेल तर जावास्क्रिप्टनं पण होतं, दिसणारी रुंदी भागिले मूळ रुंदी, इथं ३६० भागिले १६०० म्हणजे ०.२२५, त्यानं सगळे आकडे गुणायचे, त्रिज्या सुद्धा. मूळ आकडे वेगळे जपून ठेव, नाहीतर फोन आडवा केला की गुणलेलेच परत गुणले जातात आणि सगळं कोपऱ्यात गोळा होतं. आणि चित्र लोड झाल्यावरच हिशोब कर, आधी केलास तर मूळ रुंदी शून्य मिळते.

विजापूरवेस_ताई:
सगळं खरं, पण बोटाचा विचार कुणी केला नाही. गोलाची त्रिज्या २० असेल तर ३६० च्या फोनवर ती साडेचार होते, म्हणजे अख्खा गोल नऊ पिक्सेलचा. बोट कुठं मावणार? वेब ॲक्सेसिबिलिटीच्या नियमात टच करायची जागा कमीत कमी २४ बाय २४ सांगितलीय, आणि जी माणसं हे पान खरं मनापासनं बघणार ती साठीच्या पुढची आहेत. तळ्याच्या आणि किल्ल्याच्या आसपास गोल जवळजवळ असतील तर नकाशाचे चार भाग कर, पहिल्या टचला भाग मोठा होऊ दे, मग लिंग निवडू दे.

आणि खाली अडुसष्टांची साधी यादी नक्की दे, नाव आणि खूण, त्याच लिंका. माझ्या आईला दिसत नाही, ती टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, फोन वापरते. चित्रातल्या लिंकेला नाव दिलेलं नसलं की तिला नुसतं 'लिंक, लिंक' ऐकू येतं. मॅप टॅग असेल तर एरियाला आल्टमध्ये नाव दे, एसव्हीजी असेल तर लिंकेला एरिया-लेबल दे, तो शब्द वेगळा आहे बरं का, एआरआयए. तिनं ही सगळी लिंगं लहानपणी वडिलांबरोबर चालत केलीत, तिला पण हे पान वापरता आलं पाहिजे.

बाळीवेसकर:
ताई, यादी आजच टाकतो आणि प्रत्येक लिंकेला नाव पण.

एसव्हीजी केलं, मोबाईलवर गोल जागच्या जागी बसले! पण एक अडचण, गोल दिसू नयेत म्हणून फिल, म्हणजे आतला रंग, नन केलं तर आता टचच लागंना.

चाटीगल्लीकर:
फिल नन म्हणजे आत काहीच नाही, मग ब्राउझर तिथलं बोट मोजत नाही. फिल ट्रान्सपरंट लिही. आणि दोन गोल एकमेकांवर येत असतील तर मॅप टॅगमध्ये आधी लिहिलेला जिंकतो, एसव्हीजीत उलटं, नंतर लिहिलेला वर असतो. लहान गोल शेवटी लिही.

बाळीवेसकर:
झालं दादा, ट्रान्सपरंट केल्याबरोबर सगळे लागले. चार भाग पण केले.

काल रात्री जेवणं झाल्यावर आजोबांच्या हातात फोन दिला. चष्मा वर करून फोन नाकाजवळ धरला आणि एकेक लिंग उघडून फोटो बघत बसले, अर्धा तास कुणाशी बोलले नाहीत. मग एका ठिकाणी थांबले, म्हणाले हे विहिरीच्या अलीकडं नाही रे, पलीकडं आहे, कागदावर माझंच चुकलंय. त्या सर्कलचा एक आकडा बदलला, ४१२ चा ४३१, पान परत उघडून दाखवलं. आता बरोबर म्हणाले आणि पुढचं उघडलं.