ड्यून भाग तीन: चानी तर निघून गेली, आता गोष्ट कशाच्या आधारावर उभी राहणार?

कातरवेळ:
१८ डिसेंबर २०२६ ला 'ड्यून' सिनेमाचा तिसरा भाग येतोय, फ्रँक हर्बर्टच्या १९६९ च्या 'ड्यून मसाया' या कादंबरीवर. (पुढे कथानक उघड होणार आहे, कादंबरी वाचायची असेल तर इथेच थांबा.) उत्सुकता आहेच, पण धाकधूक जास्त आहे.

दुसऱ्या भागाचा शेवट आठवा. नायक पॉल सत्तेसाठी सम्राटाच्या मुलीचा, इरुलानचा हात मागतो, सगळे गुडघे टेकतात, त्याची प्रेयसी चानी तेवढी ताठ उभी राहते आणि वाळवंटात एकटी निघून जाते. पडद्यावर ते जबरदस्त होतं. पण मूळ कथेत चानी कुठेच जात नाही. 'मसाया'चा सगळा जीव त्या दोघांच्या सहवासात आहे. इरुलान चानीच्या अन्नात गुपचूप गर्भनिरोधक मिसळत राहते. ते कळल्यावर चानी तिचा जीव घ्यायला निघते, तेव्हा पॉलच तिला अडवतो. बाळंतपणात चानी जाणार हे त्याला आधीच दिसलेलं असतं, आणि मूल लांबलं म्हणून तिचं आयुष्य वाढलं हेही. दुरावलेल्या जोडप्याला घेऊन हे कसं उभं करणार? अर्धा सिनेमा रुसवा काढण्यातच जाईल.

लोखंडीपूल:
मला नेमकं उलट वाटतं. पहिली कादंबरी वाचून लोकांनी पॉलला तारणहार मानलं, म्हणून हर्बर्टने दुसरीत त्याचं खरं रूप दाखवलं. १९८४ च्या सिनेमात तर शेवटी चक्क पाऊस पडतो आणि पॉल खराच देवमाणूस ठरतो! या सिनेमांचा दिग्दर्शक विल्नव्हने चानीला त्याचं देवपण न मानणारी केलं म्हणून आपल्याला पॉलकडे बघायला बाहेरची नजर मिळाली.

कादंबरीत पॉल आपल्या निष्ठावंत साथीदाराला, स्टिलगारला, चंगीझ खान आणि हिटलरने मारलेल्यांचे आकडे सांगतो, आणि स्टिलगारला ते किरकोळ वाटतात. कारण पॉलच्या नावाने ६१ अब्ज माणसं मेलेली आहेत. तो प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. हे ऐकून हादरणारं कुणीतरी पडद्यावर हवं ना? ते चानीच असू शकते.

आपल्याकडे युद्ध जिंकल्यावरचा युधिष्ठिर आठवा. राज्य मिळालंय, आणि समोर रडणाऱ्या बायका. तिसरा भाग तिथून सुरू झाला पाहिजे.

अबूधाबीकर:
माझी भीती वेगळी आहे. पहिल्या दोन्ही भागांतलं बरंचसं वाळवंट इथलं, अबूधाबीतल्या लिवाचं. मी तिथे जाऊन आलोय. टेकडीच्या धारेवर पाऊल टाकलं की पोटरीपर्यंत रुततं, वाळूचा पापुद्रा खाली घसरतो आणि तळातून विमानासारखी घरघर येते. ती भव्यता विल्नव्हला सापडली होती. 'मसाया' मात्र महालातली कारस्थानं आणि बंद खोल्यांतली बोलणी. शिवाय छायाचित्रणही आता ग्रेग फ्रेझरकडे नाही, लिनस सँडग्रेनकडे आहे. माणूस उत्तमच, पण ती वाळू फ्रेझरची होती.

लोखंडीपूल:
@अबूधाबीकर, वाळू शेवटी येतेच की! डोळे गेलेला पॉल फ्रेमेन या वाळवंटी लोकांच्या रिवाजाप्रमाणे एकटा वाळवंटात चालत जातो. तिथे संगीतकार हान्स झिमरने ढोल वाजवू नयेत एवढीच माझी मागणी. नुसता पावलांचा आवाज पुरे.

निशाचर:
डंकनला कुणीच विचारत नाही! पॉलचा हा मेलेला मित्र धातूचे डोळे लावून परत येतो, आणि त्याच्या मनात पॉलला मारायचा हुकूम दडवलेला असतो. डंकन झालेल्या जेसन मोमोआला पहिल्या भागात हसतखेळत लढायचं होतं, इथे त्याला जवळजवळ निर्जीव चेहऱ्याने उभं राहायचंय. जमलं तर माझ्यासाठी सिनेमा तिथेच वसूल.

कातरवेळ:
@लोखंडीपूल, स्टिलगारचा मुद्दा पटला, तो प्रसंग चानीच्या डोळ्यांतून बघायला मलाही आवडेल. पण साक्षीदार म्हणून आलेली चानी शेवटी मरते तेव्हा पॉलचं काय जातं, ते मला आतून कळायला हवं. कादंबरीत डोळे गेल्यावरही तो नुसत्या भविष्यदृष्टीच्या जोरावर सगळं बघत असतो. चानी गेल्यावर तेही संपतं, तो खराखुरा आंधळा होतो. त्या क्षणी मला चानी झालेली झेंडाया आणि पॉल झालेला शालमे बारा वर्षं एका छताखाली राहिलेली माणसं वाटली पाहिजेत. ती बारा वर्षं दिग्दर्शक कुठून आणणार, ते सांगा.